पाचशे ग्रॅम

बंगळुरात राजाजीनगरच्या कडेला आज ओरायन मॉल आणि त्याच्या शेजारी वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा उभा आहे. तिथे पूर्वी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. कंपनी १९४६ सालची. विजेच्या मोटारी बनायच्या, आणि मोटारीचे पत्रे कापणाऱ्या डाय टूलरूममध्ये तयार व्हायच्या. या गोष्टीतले आजोबा १९६८ साली निपाणीहून आले ते त्याच टूलरूममध्ये फिटर म्हणून चिकटले. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून त्यांनी इंडस्ट्रियल टाऊनमधल्या एका गल्लीत लहानसा गाळा घेतला. एक जुनं लेथ, एक सरफेस प्लेट, एक व्हाइस आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कानशी. गल्लीतले सगळे त्यांना अज्जा म्हणत. दुसऱ्याकडे बिघडलेला जॉब शेवटी अज्जांकडे यायचा, आणि बहुतेक वेळा सुधारून जायचा.

त्यांची नात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होती. एका इमारतीच्या तळघरात दहा मीटरची नेमबाजीची रेंज होती, तिथे ती दोन वर्षं क्लबच्या जुन्या एअर पिस्तुलावर सराव करत होती. २०२४ च्या पावसाळ्यात पॅरिसहून बातम्या आल्या. मनू भाकरला पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळाली, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला रायफलमध्ये एक. कांबळवाडी राधानगरी तालुक्यातली, म्हणजे आजोबांच्या लेखी अगदी घराजवळची. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. नातीच्या वडिलांचंही मन वळलं, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले गेले आणि दसऱ्याच्या आधी नवं कोरं पिस्तूल घरात आलं. हवेवर चालणारं, ४.५ मिलिमीटरची शिशाची गोळी मारणारं. त्याची ताकद २० जूलच्या बरीच आत, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नव्हता. दसऱ्याला आजोबांनी लेथ, व्हाइस आणि कानशींबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं.

आणि नातीचे गुण घसरले. क्लबच्या जुन्या पिस्तुलावर साठ गोळ्यांत ती ५५५ च्या आसपास असायची. नव्यावर ५४१. दुसऱ्या आठवड्यात ५३८. गोळ्या खाली, डावीकडे जात होत्या. रेंजवरच्या एका मोठ्या मुलानं तिचं पिस्तूल हातात घेऊन दोनदा कोरडं, म्हणजे गोळीशिवाय चालवलं आणि निकाल दिला, "ट्रिगर जड आहे गं. हलका करून घे. माझा मी पहिल्याच दिवशी करून घेतला." ट्रिगर हलका करायला बाहेर कुठे जायची तिला काय गरज? तिच्या घरात तर राजाजीनगरातले सगळ्यात कसबी हात होते.

शनिवारी दुपारी ती पेटी घेऊन गाळ्यावर आली. आजोबांनी हात पुसले, पण पेटीला लावले नाहीत.

"रिकामं आहे?"

"हो."

"दाखव."

तिनं लोडिंगची कळ उघडून गोळीची जागा दाखवली. नळीतून आरपार घातलेली केशरी दोरी दोन्ही टोकांना बाहेर दिसत होती. ही दोरी म्हणजे नेमबाजांची सेफ्टी फ्लॅग. ती दिसली की समोरच्याला विचारावं लागत नाही. आजोबांनी तरी चष्मा वर करून आत पाहिलं, मग पिस्तूल घेतलं आणि नळी भिंतीकडे वळवली.

"आता सांग. काय झालंय?"

"ट्रिगर जड आहे."

"किती?"

"खूप."

"खूप म्हणजे किती ग्रॅम?"

नातीला नियम पाठ होता. दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर निदान ५०० ग्रॅम वजन पेलायला हवा. स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाची नळी सरळ वर धरतात, पाचशे ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवतात आणि पिस्तूल उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. आपल्या पिस्तुलाचा ट्रिगर किती ग्रॅमला सुटतो, हे मात्र तिला सांगता येईना. तिनं ते कधी मोजलंच नव्हतं.

आजोबांनी चाळीस मिलिमीटर व्यासाची लोखंडी सळई लेथला बांधली. पन्नास मिलिमीटरच्या आसपास लांबी ठेवून तोंड साफ केलं, मधोमध भोक पाडलं, तारेचा आकडा बसवला. मग दोघं कोपऱ्यावरच्या सराफाकडे गेली. सोनं तोलायच्या काट्यावर वजन भरलं ५०३ ग्रॅम. परत गाळ्यावर. एक बारीक घास, पुन्हा सराफ. तो बिचारा हसून दर वेळी काटा शून्यावर आणून द्यायचा. काटा बरोबर ५०० वर थांबला तेव्हा दिवेलागण झाली होती.

पिस्तूल कॉक करून, नळी वर धरून आजोबांनी वजन उचललं. ट्रिगर सुटला नाही. मग त्यांनी आकड्यात एकेक वॉशर टाकायला सुरुवात केली. प्रत्येक वॉशर आधी तोललेला. ५८० ला खट्कन ट्रिगर सुटला. तीनदा केलं, तीनदा तेच.

"म्हणजे ऐंशी ग्रॅम जास्त आहे," नात म्हणाली. "तेवढे काढा."

"काढता येतील. त्यासाठी बनवणाऱ्यानंच स्क्रू दिलाय. पण काढले की गोळ्या मध्ये जातील, हे कशावरून?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात दारात समोरच्या गल्लीतले कंत्राटदार येऊन उभे राहिले. हातात कातडी पाउच. सहा महिन्यांपूर्वी त्यांना स्वसंरक्षणासाठी परवाना मिळाला होता, त्यावर त्यांनी .३२ चं नवं पिस्तूल घेतलं होतं. टेबलावरचा प्रकार पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अज्जा, तुम्ही हे पण करता? मग माझं पण बघा. भारी टाइट आहे. स्वल्प लूज माडि कोडि."

आजोबांनी दोन्ही हात मागे घेतले. पाउचकडेसुद्धा पाहिलं नाही.

"साहेब, ते उघडू नका इथे. पोरीचं हे खेळाचं आहे, हवेचं. तुमचं खरं शस्त्र आहे. दुरुस्तीचा परवाना ज्याच्याकडे आहे त्यालाच त्यात हात घालता येतो. १९५९ च्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय. मी त्याचा एक पिन काढला तरी तुम्ही आत आणि मीही आत."

"कोण बघतंय अज्जा? दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचंच आहे, म्हणून तर भीती वाटते." आजोबांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "तुम्ही ते बाहेर काढाल तेव्हा रात्र असेल. कुणीतरी दार वाजवत असेल. छाती धडधडत असेल. त्या वेळी तुमचं बोट तुमच्या ताब्यात नसणार. दारात चोर आहे की उशिरा आलेला तुमचा मुलगा, हे कळायला जो एक क्षण लागतो ना, तो क्षण तुम्हाला हा जड ट्रिगर देतो. तो मी काढून टाकू? आणि तुम्ही त्यातून आजवर गोळ्या किती मारल्यात?"

कंत्राटदारांनी एकही मारली नव्हती. पिस्तूल घेतल्या दिवसापासून कपाटात होतं. दुकानात हातात धरून ट्रिगर ओढला, तो घट्ट वाटला, एवढाच त्यांचा अनुभव. ते थोडे रागावून गेले. पुढे चार-पाच महिने त्यांनी आजोबांकडे एकही जॉब पाठवला नाही, आणि त्यांचे जॉब बऱ्यापैकी पैशाचे असत.

नातीनं आपली पेटी मिटायला घेतली. "म्हणजे मलाही नाहीच म्हणणार."

"तुला नाही म्हटलेलं नाही. कधी, एवढंच ठरायचंय." आजोबांनी मग तिला टूलरूममधली गोष्ट सांगितली. प्रेसवरून पत्र्यांना बर, म्हणजे कडेला खरखरीत कंगोरा यायला लागला की प्रेसवाला ओरडत यायचा, डाय खराब झाली म्हणून. नवा फिटर लगेच डाय उतरवून ग्राइंड करायचा. बर तरीही यायची, कारण प्रेसचा रॅमच तिरका उतरत असायचा. मग डाय पुन्हा उतरवायची, पुन्हा घास. जुने मिस्त्री आधी पत्रा हातात घेऊन बर चारही बाजूंना सारखी आहे की एकाच बाजूला, हे बघायचे. एकाच बाजूला असेल तर डायला हात लावू द्यायचे नाहीत. "तुझ्या गोळ्या चारही बाजूंना जातात की एकाच?"

"एकाच. खाली, डावीकडे."

"मग मला आधी रॅम बघू दे."

त्यांनी तिला एक शंभर पानी वही दिली. अट एवढीच, की गोळी सुटली की स्क्रीनकडे बघण्याआधी ती कुठे गेली असेल हे लिहायचं. मग खरी कुठे गेली ते लिहायचं. आणि बोटाला काही वेगळं जाणवलं तर ते तिसऱ्या रकान्यात. या काळात पिस्तुलाचा एकही स्क्रू फिरवायचा नाही. रेंजवरच्या सरांनाही त्यांनी हे विचारून घेतलं. सर म्हणाले की आपणही हेच सांगत होतो, पण घरातल्या मिस्त्रीनं सांगितल्यावर मुलं जास्त ऐकतात.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आजोबा रेंजवर गेले. तळघरात इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं, एक बँकेतल्या बाई, दोन शाळकरी पोरं ओळीनं उभी होती. बंगळुरात या खेळाला चांगली परंपरा आहे. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत एअर पिस्तुलात रौप्य मिळवणारे प्रकाश नंजप्पा इथलेच. त्यांचा फोटो रेंजच्या भिंतीवर होता. आजोबा नातीच्या मागे, थोडे उजवीकडे स्टूल घेऊन बसले. टार्गेटकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते फक्त तिच्या तर्जनीकडे पाहत होते.

वीस गोळ्या झाल्यावर त्यांनी सरांना विचारलं, "टार्गेटच्या जागी कोरा कागद लावता येईल? काळा ठिपका नको."

या क्लबमध्ये दोन लेन अजून कागदी टार्गेटच्या होत्या. सरांनी तिथलं कार्ड उलटं लावलं आणि ते ओळखीचं हसले. हा नेमबाजीतला जुना प्रयोग आहे, फिटर माणसाला तो आपसूक सुचला याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. समोर दहा मीटरवर नुसता पांढरा चौकोन. नेम धरायला काहीच नाही. नातीनं दहा गोळ्या मारल्या. तारेवरून कार्ड सरकत जवळ आलं तेव्हा दहाही भोकं नऊच्या वर्तुळाएवढ्या जागेत होती. नऊचं वर्तुळ म्हणजे साडेसत्तावीस मिलिमीटर. आठवडाभरात तिचा असा ग्रुप एकदाही बसला नव्हता.

ती कार्डाकडे बघत राहिली. ट्रिगर तोच होता, ५८० ग्रॅमचा. बोट तेच. फक्त समोर दहाचं वर्तुळ नव्हतं. दहा असला की फोरसाइट ठिपक्याखाली बरोबर आल्यासारखी वाटते, आता नाही तर कधीच नाही असं होतं आणि बोट झडप घालतं. उजव्या हाताच्या नेमबाजाची झडप बहुधा खाली, डावीकडेच जाते. ट्रिगर जड असो की हलका, घाईचं बोट गोळीला तिकडेच ढकलणार.

आजोबांना मात्र आणखी एक गोष्ट दिसली होती. "तुझं बोट पोचत नाही," ते म्हणाले. नव्या पिस्तुलाची मूठ जुन्यापेक्षा भरीव होती. ट्रिगरवर तिच्या बोटाच्या पेराचा मधला भाग न पडता फक्त टोक पडत होतं, त्यामुळे दाब सरळ मागे न जाता थोडा तिरका जात होता. हे मात्र हत्याराकडचं होतं आणि ते बदलायलाच हवं होतं. ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकवायची सोय असतेच. ॲलन कीनं स्क्रू सैल करून सरांनी ती तीन मिलिमीटर मागे घेतली. वजन पुन्हा मोजलं, ५८०.

मला या गोष्टीत हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. अवजाराला हातच लावू नये, असं आजोबा कधी म्हणाले नाहीत. बोट आखूड असेल तर पट्टी मागे घ्यावी, त्यात कमीपणा कसला? पण बोटाची लांबी कुठली आणि बोटाची घाई कुठली, हे वेगळं काढायला त्यांनी एक दुपार आणि एक कोरा कागद खर्च केला. हत्यार हाती आल्या दिवशीच ते खोलून बसणारा माणूस या दोन गोष्टी एकत्रच बदलतो, आणि मग कशानं काय झालं ते त्याला कधीच कळत नाही.

डिसेंबरात गुण ५५० वर आले. नातीची कुरबूर थांबली नव्हती. एकदा ती म्हणाली, "आजोबा, हत्यार दगा देतंच की. टोकियोत मनूचं पिस्तूल मॅचमध्ये बिघडलं. दोन गुणांनी फायनल गेली तिची."

"देतं ना," आजोबा म्हणाले. "म्हणून तर रोज पुसायचं, तपासायचं, काय बिघडू शकतं ते ठाऊक ठेवायचं. बिघडलेलं आणि सवय न झालेलं, यातला फरक कळायला हवा, एवढंच म्हणतो मी. आपली राही सरनोबत किती ग्रॅमचा ट्रिगर ओढते?"

हे तिला माहीत होतं. राही कोल्हापूरची, २५ मीटर पिस्तुलाची. त्या प्रकारात ट्रिगर निदान १,००० ग्रॅमचा असावा लागतो. २०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये बरोबरी झाल्यावर दोन शूटऑफ खेळून तिनं सुवर्ण घेतलं ते त्याच वजनावर. नात गप्प झाली, पण पटल्यासारखी गप्प झाली.

वहीतला तिसरा रकाना संक्रांतीच्या सुमारास बोलायला लागला. तोवर तिथे "हात थकला", "श्वास लांबला", "घाई" असंच काही असायचं. आता एक ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागली: सेकंडला पोचल्यावर बोट किंचित सरकतं, मग सुटतं. या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा नुसता आत येतो, दुसऱ्याशी बोट थांबतं, आणि तिथून हालचाल न जाणवता सुटायला हवं. तिला तिथे खरखर जाणवत होती. नऊ-दहा लागलेल्या गोळ्यांसमोर ही ओळ होती, सात लागलेल्यांसमोरही होती, कोऱ्या कागदावरच्या सरावातही होती. म्हणजे निकाल वाईट लागला म्हणून शोधलेलं हे कारण नव्हतं. दसऱ्याच्या वेळी तिला ही खरखर ओळखूच आली नसती, तेव्हा तिच्या बोटाला सगळंच जड लागत होतं.

तिनं वही आजोबांपुढे ठेवली. त्यांनी डोळे मिटून पिस्तूल कोरडं चालवून पाहिलं. सरांनीही स्वतंत्रपणे पाहिलं. तिघांच्या बोटांना तेच लागलं.

आजोबांनी पिस्तुलासोबत आलेलं पुस्तक काढून दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू कुठला ते नातीलाच शोधायला लावलं. फिरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर बारीक रेघ मारून घेतली, परत यायचं झालं तर वाट असावी म्हणून. कानस नाही, ऑइल स्टोन नाही. काढलेला धातू परत लावता येत नाही, स्क्रू परत फिरवता येतो. पाव फेरा. मग वजन आणि वॉशर. ट्रिगर ५४० ला सुटला आणि खरखर गेली होती.

"अजून चाळीस उरलेत," नात म्हणाली. पण ती हसत होती.

ते चाळीस का ठेवायचे, हे तिला उन्हाळ्यातल्या एका स्पर्धेत दिसलं. पहिल्याच दिवशी ट्रिगर हलका करून घेतलेला तो मुलगा तिच्या शेजारच्या लेनवर होता, आणि त्या दिवशी फार सुंदर खेळला. स्पर्धा संपल्यावर चिठ्ठी काढून काही जणांचे ट्रिगर पुन्हा तपासतात, त्यात त्याचं नाव निघालं. सकाळी याच टेबलावर तो पास झाला होता. पण वजन जेमतेम पाचशेच्या काठावर. आता पहिल्या प्रयत्नात सुटलं, दुसऱ्यातही, तिसऱ्यातही. तिसऱ्यानंतर नियमाला पर्याय नसतो. त्याच्या साठही गोळ्या गुणपत्रकावरून गेल्या. तो खुर्चीवर बसून राहिला तेव्हा नात पाण्याची बाटली घेऊन त्याच्याजवळ गेली. नंतर त्याच आठवड्यात तिनं त्याला गाळ्यावर आणलं, आणि आजोबांनी त्याच्यासाठीही एक वजन लेथवर कातून दिलं. कंत्राटदारही त्या सुमारास पुन्हा यायला लागले होते. त्यांच्या पिस्तुलाचा विषय कुणी काढला नाही. ते एकदा स्वतःहून म्हणाले की परवाना असलेल्या दुकानदाराला विचारून रीतसर सराव सुरू केलाय, आणि आता ट्रिगर तितका घट्ट लागत नाही.

राज्य स्पर्धेला दहा दिवस राहिले होते. नातीचे गुण ५६२ ते ५६६ मध्ये स्थिरावले होते. पिस्तूल पुसायला म्हणून तिनं ते गाळ्यावर आणलं. केशरी दोरी दाखवली, आजोबांनी चष्मा वर करून आत पाहिलं आणि सवयीनं ट्रिगर दोनदा कोरडा चालवला. त्यांचे डोळे बारीक झाले. पुन्हा चालवला.

"पुन्हा लागतंय गं काहीतरी. अगदी केसभर." त्यांनी ॲलन की उचलली. "नुसतं इतकं, आठवा हिस्सा फिरवतो. अंगठ्याला कळतंय मला कुठे आहे ते."

"आजोबा, नाही."

"अगं, एका मिनिटात..."

"स्पर्धा झाल्यावर बघू. माझ्या बोटाला अजून लागलेलं नाही ते. तुम्हाला किती वेळा लागलं?"

आजोबांनी ॲलन की कानशींच्या रॅकवर ठेवली. त्यांनी पुन्हा ट्रिगर चालवला, थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तीनपैकी दोनदा."

"मग वहीत लिहा," ती म्हणाली आणि तिसऱ्या रकान्याचं पान उघडून पेन त्यांच्यापुढे सरकवलं.